घरातलं मोडकं घेऊन जा: गोव्यात मेकरस्पेसला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या मिक्सरचा नॉब तुटला तेव्हा दोन महिने आई पक्कडीने मिक्सर चालू-बंद करत होती आणि मी नुसता "आणतो, आणतो" म्हणत होतो. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळीकडे एकच उत्तर, हे मॉडेल बंद झालं, नवीन मिक्सर घ्या. आता मिक्सर ठणठणीत, मोटर मस्त, फक्त वीस रुपयांचा प्लास्टिकचा तुकडा नाही म्हणून मिक्सर टाकायचा, हे काही पटेना. तेवढ्यात ऑफिसातला एक जण म्हणाला की थ्रीडी प्रिंटरवर करून घे की, मेकरस्पेसला जा. मी अकाउंट्सवाला माणूस, स्क्रू-ड्रायव्हरच्या पलीकडे माझी मजल नाही, तरी गेलो. या गोष्टीला आता तीन-चार वर्षं झाली. मधल्या काळात बरेच जण विचारतात की तिथे जायचं असतं कसं, काय येत असलं पाहिजे, मुलांना नेलं तर चालतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी सांगायची गोष्ट म्हणजे मशीन बघायला जाऊ नका. मशीन बघायला गेलेला माणूस अर्धा तास "वा वा" करतो, फोटो काढतो आणि परत कधीच येत नाही, असे मी कितीतरी बघितलेत. घरात काहीतरी मोडलेलं असतंच, खिडकीची कडी, पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण, कपाटाच्या ड्रॉवरचा क्लिप, मुलाच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक, ते पिशवीत घाला आणि जा. शिकणं आपोआप होतं.

हे असतं तरी काय

मेकरस्पेस म्हणजे सार्वजनिक वर्कशॉप. वाचनालयात कसं पुस्तकं सगळ्यांची असतात आणि आपण वर्गणी भरून वापरतो तसंच, फक्त पुस्तकांच्या जागी थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून लाकूड कोरणारं मशीन), तारा डाग देऊन जोडायची म्हणजे सोल्डरिंगची टेबलं, सुतारकामाची हत्यारं. फॅबलॅब हा त्याचाच सख्खा भाऊ. अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शेनफेल्ड नावाच्या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये "जवळपास काहीही कसं बनवायचं" असा एक कोर्स सुरू केला, त्याला गर्दी झाली आणि त्यातून फॅबलॅबची कल्पना निघाली, हे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पण आपल्या लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की एमआयटीच्या बाहेरची अगदी सुरुवातीची फॅबलॅब २००२ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला उभी राहिली, विज्ञान आश्रमात. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला तो मुळात खेड्यातल्या पोरांना हातांनी काम करत शिकवायला. म्हणजे हे काहीतरी फॉरेनचं फॅड आहे असं कोणी म्हणालं तर पाबळचं नाव सांगा.

आणि गोव्यात तर मला वाटतं याची गरजच नव्हती सांगायची. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस प्रत्येक वाड्यावर पोरं काय करतात? बांबू, तार, जुने पेपर, स्क्रॅपमधून आणलेली गाडीची वायपर मोटर, आणि नरकासुराचा हात वर-खाली होतो. शिगम्याच्या चित्ररथात गरुडाचे पंख हलतात ते कुठल्या इंजिनिअरने केलेले नसतात, गावातल्याच वेल्डरने आणि सुताराने केलेले असतात. मेकरस्पेस म्हणजे तोच मांडव, बारा महिने उघडा आणि थोडी महागडी हत्यारं असलेला.

जायचं कुठे

गोव्यात नाव घ्यायचं तर मेकर्स असायलम. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेली ही जागा नंतर गोव्यात आली, बार्देशात मयडे गावात. हो, तेच केळ्यांचं मयडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यांनी सुरू केलेलं फेसशील्डचं काम देशभर पसरलं होतं, ४२ शहरांतल्या लोकांनी मिळून ४९ दिवसांत १० लाख फेसशील्ड बनवली, एकाच डिझाइनवर, ज्याच्या त्याच्या गावातल्या मशीनवर. मला विचाराल तर मेकरस्पेस म्हणजे काय हे समजायला एवढं एक उदाहरण पुरे. डिझाइन फाइल एका गावातून दुसऱ्या गावात जाते, माल नाही.

शाळेतल्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब असतात. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला त्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. तुमच्या पोराच्या शाळेत अशी लॅब आहे का हे मुख्याध्यापकांना विचारा, कारण पुष्कळ पालकांना पत्ताच नसतो. आणि असेल तर पुढचा प्रश्न हा की किल्ली कोणाकडे असते. हसू नका, हा खरा प्रश्न आहे, प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवलेला आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या सरांकडे, असंही मी एका ठिकाणी बघितलंय. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते आठवीला २०२१ पासून गोवा सरकारच्या केअर्स योजनेत कोडिंग आणि रोबोटिक्स आलंय, त्यामुळे निदान विषय तरी मुलांच्या कानावरून गेलेला असतो.

यातलं काहीच जवळ नसेल, म्हणजे तुम्ही काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या भागात असाल, तरी अडून राहू नका. बोर्ड बनवणाऱ्या दुकानांत लेझर असतो आणि दारावर नक्षी करून देणाऱ्यांकडे सीएनसी राउटर असतो. तिथे शिकायला नाही मिळत पण आपली फाइल देऊन काम करून घेता येतं. फाइल मात्र नीट पाहिजे, त्याचं पुढे सांगतो.

निघायच्या आधी

फोन करा. उठलं की गेलं असं करू नका, कारण काही दिवस वर्कशॉप चालू असतात, काही दिवस मशीन बुक असतात. फोनवर तीन गोष्टी विचारा: नवख्या माणसाला कुठल्या दिवशी यायचं, मशीन वापरायच्या आधी ट्रेनिंग घ्यावं लागतं का, आणि सामान आपलं न्यायचं की तिथे मिळतं. ट्रेनिंग जवळजवळ सगळीकडे लागतंच, विशेषतः लेझर आणि सुतारकामाच्या मशीनला. "मला येतं हो" म्हणून वाद घालू नका, मला येतं म्हणणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त मशीन बिघडवलेली असतात.

पायात बूट घाला. हे गोव्यात मुद्दाम सांगावं लागतं कारण आपण लग्नाला पण चपला घालून जातो. वर्कशॉपमध्ये जमिनीवर स्क्रू, पत्र्याच्या कडा, सोल्डरचा गरम थेंब, काहीही पडलेलं असतं. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस, हे सगळं ड्रिल आणि राउटरपासून लांब. आणि उलटी गोष्ट, फिरणाऱ्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. सगळ्यांना वाटतं हातमोजे म्हणजे सेफ्टी, पण मोजा एकदा ड्रिलमध्ये अडकला की तो हात घेऊनच जातो.

लॅपटॉप असेल तर न्या, नसला तरी चालतं. घरी दोन-चार दिवस टिंकरकॅड हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून बसा, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, ठोकळे जोडायचे आणि भोकं पाडायची एवढंच, माझ्यासारख्याला एका संध्याकाळी जमलं. लेझरसाठी इंकस्केप, म्हणजे रेघांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, ते पण फुकट.

मोजायला शिका, बाकी मग

माझ्या नॉबची गोष्ट इथे सांगतो कारण नवख्या माणसाच्या सगळ्या चुका त्यात आहेत.

मिक्सरच्या त्या स्विचला एक छोटा दांडा असतो, त्यावर नॉब बसतो. दांडा पूर्ण गोल नसतो, एक बाजू सपाट असते, इंग्रजी डी अक्षरासारखा, म्हणजे नॉब फिरवला की दांडाही फिरतो. मी घरी मुलीच्या कंपासमधल्या पट्टीने मोजून गेलो, ६ मिलिमीटर. तिथे एक कॉलेजची मुलगी होती, स्वयंसेवक, तिने माझा कागद बघितला आणि म्हणाली, "काका, पट्टीने नाही हो, कॅलिपरने." कॅलिपर म्हणजे वस्तू जबड्यात धरून अचूक जाडी मोजायचं हत्यार. मी म्हटलं, कॅलिपर लावायला मिक्सर कुठे आणलाय? तर ती म्हणाली, "मग दांडा कसा मोजणार?" झालं. म्हापशाहून परत फोंड्याला. पुढच्या शनिवारी अख्खा मिक्सर पिशवीत घालून कदंबमधून नेला, शेजारच्या बाईंनी विचारलं, रिपेरीला काय? मी म्हटलं हो.

कॅलिपरने निघालं ५.९ आणि सपाट बाजूकडून ४.५. मी खूश, डिझाइनमध्ये ५.९ चं भोक काढलं, प्रिंट झालं, बसेना. कारण थ्रीडी प्रिंटरमधलं भोक नेहमी थोडं लहानच येतं, गरम प्लास्टिक आकसतं आणि गोलाच्या आतल्या बाजूला जरा जास्त साचतं. मग तिने शिकवलेली युक्ती तुम्हालाही सांगतो, पूर्ण वस्तू प्रिंट करायचीच नाही. फक्त ३ मिलिमीटर उंचीच्या चार छोट्या रिंगा करायच्या, भोक ६, ६.१, ६.२, ६.३, सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम. दांड्यावर एकेक घालून बघायची. माझी ६.२ वाली टच्चकन बसली. तो आवाज ऐकल्यावर मला जो आनंद झाला तो माझ्या प्रमोशनला झाला नव्हता.

म्हणून पहिल्यांदा पैसे खर्च करायचे असतील तर प्रिंटरवर नाही, कॅलिपरवर करा. डिजिटल, स्टीलचा, साधासा. घरात पडून राहत नाही, आई हल्ली लाडू मोजते त्याने, म्हणजे गंमत करते.

थ्रीडी प्रिंटर, आणि आपला पाऊस

प्रिंटर कसा चालतो हे समजायला जिलेबीवाला आठवा. प्लास्टिकची १.७५ मिलिमीटर जाडीची दोरी, तिला फिलामेंट म्हणतात, ती गरम तोटीतून वितळून बाहेर येते आणि थरावर थर बसतो. तोटीचं भोक बहुतेक ०.४ मिलिमीटर, एक थर ०.२. नवख्यांनी पीएलए नावाच्या प्लास्टिकपासून सुरुवात करायची, २०० डिग्रीच्या आसपास वितळतं, वास फार नाही, त्रास कमी. एक किलोच्या रिळात साधारण ३३० मीटर दोरी असते आणि रीळ हजार रुपयांच्या आसपास मिळतं, म्हणजे माझ्या सात ग्रॅमच्या नॉबला सात रुपयांचं सामान लागलं. मशीनच्या वेळेचे वेगळे.

आतून वस्तू भरीव करायची नसते. आत जाळी असते, तिला इनफिल म्हणतात, १५ ते २० टक्के ठेवलं तर रोजच्या वापराच्या वस्तूला पुरतं. मजबुती पाहिजे तर इनफिल वाढवण्यापेक्षा बाहेरच्या भिंतीचे फेरे वाढवा, दोनाचे चार करा, हे मला खूप उशिरा कळलं. आणि थर कुठल्या दिशेला पडतायत ते बघा, कारण वस्तू तुटते ती दोन थरांच्या मधून, लाकूड जसं रेषेत फाटतं तसं. माझा बसलेला पहिला नॉब तिसऱ्या आठवड्यात तसाच उभा चिरला.

आता पाऊस. परदेशी व्हिडिओत हे कोणी धड सांगत नाही कारण त्यांच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येत नाही. फिलामेंट हवेतलं पाणी ओढतं. ओलं फिलामेंट गरम तोटीत गेलं की आतलं पाणी उकळतं, चट चट आवाज येतो, फोडणीत मोहरी तडतडावी तसा, आणि वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. मी एक अख्खं रीळ जुलैत उघडं टाकून घालवलं, शेवटी ते इतकं ठिसूळ झालं की हातात घेतलं तरी मोडायचं. तर रीळ वापरून झालं की हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. ओलं झालं असेल तर ४५ ते ५० डिग्रीला पाच-सहा तास वाळवायचं, त्यासाठी छोटे ड्रायर मिळतात, बऱ्याच मेकरस्पेसमध्ये असतातच. घरच्या ओव्हनमध्ये घालू नका, त्याचा काटा काय दाखवतो आणि आत किती गरम असतं याचा मेळ नसतो.

दुसरं, लाईट. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि आठ तासांच्या प्रिंटला सातव्या तासाला लाईट गेली की काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. काही प्रिंटर थांबले तिथून पुन्हा सुरू करतात, तरी यूपीएस आहे का विचारून मगच मोठं काम लावा.

तिसरं, ऊन. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये मिरामारला उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून किती तापते माहीत आहे ना? मी मोबाइलचा स्टँड बनवून डॅशबोर्डवर लावला होता, परत येऊन बघतो तर स्टँड नमस्कार करून बसलेला. गाडीत किंवा उन्हात ठेवायची वस्तू असेल तर पीईटीजी किंवा एएसए ही जास्त ऊन सोसणारी प्लास्टिकं मागा.

आणि खाण्याच्या वस्तूंना प्रिंट केलेलं काही लावू नका. थरांच्या फटीत अन्न अडकतं, धुऊन निघत नाही. कुकरच्या हँडलसाठी पण लोक येतात, त्यांना मी हात जोडून सांगतो की ते दुकानात मिळतं, विकत घ्या.

लेझर, आणि आपली देवनागरी

लेझर कटर म्हणजे सगळ्यांचा लाडका, कारण पाच मिनिटांत सुंदर काहीतरी हातात पडतं. बहुतेक ठिकाणी सीओटू लेझर असतो. तीन-पाच मिलिमीटरचा प्लाय, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, पुठ्ठा, कापड व्यवस्थित कापतो, धातू कापत नाही. करवंटीवर कोरता येतं, मस्त दिसतं, फक्त करवंटी गोल असते आणि किरणाचा फोकस थोड्याच उंचीत राहतो म्हणून नक्षी लहान ठेवायची.

काय घालायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. पीव्हीसी अजिबात नाही. जळलं की त्यातून विषारी आणि मशीनला गंजवणारा वायू निघतो, माणसाचं फुफ्फुस आणि मशीनची काच दोन्ही खराब. आता तुम्ही म्हणाल मी कशाला पीव्हीसी नेतोय, पण प्रोजेक्टसाठी दुकानातून आणतो तो पांढरा सनबोर्ड पीव्हीसीचाच असतो, आणि रेक्झीनही बरंचसं तेच. शंका असेल तर तिथल्या माणसाला विचारा, ते लोक तांब्याची तापलेली तार तुकड्याला लावून ज्योतीत धरतात, हिरवी ज्योत आली तर ते लेझरमध्ये घालायचं नाही. आणि लेझर चालू असताना चहाला जायचं नाही. जायचंच नाही. आग लागते ती नेमकी तेव्हाच.

लेझरसुद्धा जागा खातो, रेघेच्या जाडीएवढं, ०.१ ते ०.२ मिलिमीटर. खाचेत खाच बसणारी पेटी करायची असेल तर आधी तुकड्यावर करून बघा. आणि दुकानदार ज्याला ३ एमएमचा प्लाय म्हणतो तो २.७ पण असतो आणि ३.२ पण असतो, एकाच शीटच्या दोन टोकांना वेगळा असतो, पावसात फुगतो तो वेगळाच. पुन्हा कॅलिपर.

बहुतेकांना पहिलं काम म्हणून घरावरची नावाची पाटी करायची असते, मराठीत. चांगलं आहे, पण इथे तीन खड्डे आहेत, तिन्हींत मी पडलोय.

एक, फॉन्ट. इंकस्केपमध्ये मुक्तासारखा फुकट मिळणारा युनिकोड फॉन्ट घ्या, जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की "श्री" चं काय होईल देव जाणे. अक्षरं लिहून झाली की त्यांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांमध्ये, रूपांतर करा, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी अडत नाही.

दोन, जोड. देवनागरीत मात्रा आणि अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात, स्क्रीनवर दिसत नाही पण लेझर प्रत्येक रेघ कापतो, त्यामुळे "देसाई" कापायला गेलो तर आतल्या आत चिरा पडून सगळे तुकडे वेगळे. पाथ केल्यावर सगळी अक्षरं निवडून युनियन करायचं (सगळे आकार एकात मिसळायची कमांड), म्हणजे बाहेरची एकच अखंड रेघ राहते. आणि मग बघा गंमत, आपल्या शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. इंग्रजी नावाची पाटी करणाऱ्याला एकेक अक्षर चिकटवत बसावं लागतं, आपलं नाव अख्खं उचलून भिंतीवर.

तीन, स्टेन्सिल. हेच उलटं केलं, म्हणजे रांगोळीसाठी अक्षरं कापून काढलेला पुठ्ठा पाहिजे असेल, तर शिरोरेषा शत्रू. ती लांबच लांब फट होते, पुठ्ठा लोंबतो, आणि "व" आणि "ब" च्या पोटातला तुकडा गळून पडतो. मधे मधे छोटे पूल सोडावे लागतात. चवथीच्या आदल्या दिवशी हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नरकासुराचे डोळे

इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं असेल तर एलईडी लुकलुक करण्यावर फार दिवस काढू नका. एलईडी लुकलुकला की कंटाळा येतो. काहीतरी हलवा. आमच्या वाड्यावर पोरांनी ठरवलं की या वर्षी नरकासुराचे डोळे डावी-उजवीकडे फिरले पाहिजेत, आणि मेकरस्पेसला जातो म्हणून ते काम माझ्या गळ्यात.

सामान लागतं ते असं: एक आर्डुइनो उनो (प्रोग्राम भरून दिवे-मोटरी चालवायचा हा बोर्ड २००५ मध्ये इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या आर्डुइनोच्या घराण्यातला, अजून नवख्यांसाठी याच्याइतका सोपा नाही), दोन छोटे सर्व्हो मोटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पट्टी), तारा. सर्व्हो म्हणजे अशी मोटर जिला सांगता येतं की ३० डिग्रीवर जा आणि थांब. प्रोग्राम दहा ओळींचा, उदाहरण सॉफ्टवेअरमध्येच दिलेलं असतं. टेबलावर डोळे झकास फिरले. टाळ्या.

मांडवात नेले आणि डोळे थरथरायला लागले, मधेच थांबायचे, बोर्ड आपोआप रीसेट व्हायचा. पोरं म्हणाली भारी दिसतंय, राक्षस रागावलाय. कारण साधं होतं. सर्व्होला जोर लावावा लागला की तो जास्त करंट मागतो, टेबलावर मोकळे डोळे हलके होते, मांडवात कागदाचा लगदा लावून जड झाले, आणि मी दोन्ही मोटरी बोर्डाच्याच ५ व्होल्टवर लावलेल्या. मोटरीला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्यायचा. दिला, तर आता डोळे वेड्यासारखे कुठेही फिरायला लागले, कारण दोन सप्लायचे ग्राउंड मी एकत्र जोडलेच नव्हते. बोर्डाचा मायनस आणि मोटरीच्या सप्लायचा मायनस एका तारेने जोडावाच लागतो, नाहीतर मोटरीला सिग्नल कशाच्या मानाने वाचायचा तेच कळत नाही. एक तार, चार इंचांची, आणि रात्रीचा दीड वाजलेला.

तेव्हा लक्षात ठेवा, आर्डुइनोच्या पिनमधून जास्त करंट मागू नका, एलईडीपुरती ती आहे. मोटर थेट पिनला कधीच नाही. हात हलवायला स्क्रॅपची वायपर मोटर लावणार असाल तर ती १२ व्होल्टची आणि कित्येक अँपिअर खाणारी, तिला गाडीची बॅटरी आणि मधे रिले किंवा ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी तिला हलवू पण शकत नाही. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी, आणि झाल्यावर हात साबणाने धुवायचे, सोल्डरमध्ये शिसं असतं, त्याच हाताने पावभाजी नको.

आणि हो, पहाटे जाळायच्या आधी मोटरी आणि बोर्ड काढून घ्या. पहिल्या वर्षी आम्ही विसरलो.

मुलांना नेताय तर

आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना मशीनची गरज नाही, पुठ्ठा, कात्री, गोंद आणि एक मोटर पुरे. त्यापुढे स्क्रॅच चांगलं, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा, किंवा मायक्रोबिट, हातात मावेल एवढा बोर्ड, त्यावर २५ छोटे दिवे असतात आणि हलवला तर त्याला कळतं. सोल्डरिंग दहा-अकरानंतर, शेजारी मोठं माणूस बसवून.

पण मला खरं बोलायचंय ते पालकांशी. वर्कशॉपला मुलगा येतो आणि बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात, दहा मिनिटांनी स्क्रू-ड्रायव्हर बाबांच्या हातात असतो आणि मुलगा मोबाइल बघत असतो. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो. माझ्या मुलीने तारा उलट्या लावल्या, मला दिसत होतं, मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर चहा घ्या." घेतला. अर्ध्या तासाने आलो तर तिने मल्टिमीटरने शोधून काढलेलं होतं, मला मल्टिमीटर अजून धड येत नाही. शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर येणारा चकाचक रोबोट कोणी केला हे परीक्षकांना पण कळतं, तर राहू द्या वाकडातिकडा.

मुलगी असेल तर "हे मुलांचं काम" असं कोणी बोलतंय का याकडे मात्र कान द्या, आणि बोललं तर तिथल्या तिथे उत्तर द्या.

पैसे आणि शिष्टाचार

दर प्रत्येक ठिकाणी वेगळे, कुठे दिवसाचा पास, कुठे महिन्याची मेंबरशिप, कुठे मशीनच्या तासावर. सामान वेगळं धरा. पहिल्या महिन्यात मेंबरशिप घेऊ नका, एक-दोन दिवसांचे पास घेऊन बघा की आपण खरंच जातो का, जिमसारखं व्हायला नको.

वापरलेलं हत्यार जागेवर ठेवायचं. काही मोडलं तर सांगायचं, गुपचूप ठेवून जायचं नाही, मोडल्याबद्दल कोणी रागावत नाही, लपवल्याबद्दल रागावतात. टेबल पुसायचं. आणि कोणी मदत केली तर पुढच्या वेळी आलेल्या नवख्या माणसाला आपण करायची, एवढीच तिथली फी असं मी धरून चाललोय.

आमचा नॉब तिसऱ्या प्रयत्नात झाला, पीईटीजीमध्ये, चार फेऱ्यांची भिंत, थर आडवे. रंग भगवा आला कारण त्या दिवशी तेवढंच रीळ कोरडं होतं. आईला रंग आवडला नाही, पण पक्कड परत गॅरेजमध्ये गेली. आता शेजारच्या काकूंनी फ्रीजच्या दाराचा क्लिप आणून दिलाय, अर्धा हरवलेला आहे, त्यामुळे फ्रीज बघायला त्यांच्याकडे जायचंय रविवारी, कॅलिपर घेऊन.